व्यसन आणि तुटलेल्या घरावरची फिल्म दाखवल्यावर चर्चा कशी घ्यायची?

प्रश्न असा आहे की ठाण्यातला एक छोटा फिल्म ग्रुप घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये शनिवारी संध्याकाळी एका नवीन दिग्दर्शकाची मराठी फिल्म दाखवणार आहे. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झालेले, जन्मभर प्यायलेले वडील, आणि ऐरोलीला राहणारी मुलगी जिने कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलंय. शेवटी वडील हॉस्पिटलात असतात, मुलगी वॉर्डच्या दारापर्यंत येते आणि परत फिरते. तिथेच फिल्म संपते. नंतर पाऊण तास चर्चा ठेवायची आहे तर ती कशी घ्यावी, दारू सुटलेल्या माणसाला स्टेजवर बोलवावं का, आणि बघताना कोणाला त्रास झाला तर काय करायचं.

मी व्यसनमुक्तीत समुपदेशनाचं काम करते, ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे, आणि अशा चर्चा बऱ्याच घेतल्या आहेत, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. ही चर्चा समेट घडवून आणायचा कार्यक्रम होऊ देऊ नका. दिवे लागले की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी उठणार आणि म्हणणार, "काही झालं तरी वडील आहेत ना, एकदा आत जाऊन भेटली असती तर काय बिघडलं असतं?" आणि हॉलमधल्या बऱ्याच माना डोलणार. बोलणारा माणूस वाईट नसतो, मनापासूनच बोलतो. पण त्याच हॉलमध्ये तिसऱ्या-चौथ्या रांगेत अशी एखादी बाई बसलेली असते जिने खरंच तसं दार बंद केलंय, जी नातेवाइकांच्या लग्नात दर वेळी हेच वाक्य ऐकते, आणि आज पहिल्यांदा पडद्यावर आपल्यासारखं कोणीतरी बघितलं म्हणून तिला जरा मोकळं वाटत होतं. त्या एका वाक्याने ती पुन्हा आक्रसते. ती काही बोलत नाही, पर्स उचलते आणि निघते. अशा माणसाला तिथे पाऊण तास निवांत बसता आलं तर तुमचा कार्यक्रम झाला, बाकी सगळं वरचं.

आपल्याकडे हे जास्त अवघड आहे कारण दारुड्याच्या घराची एकच गोष्ट आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहे. तलावपाळीसमोरचं रंगायतन ज्यांच्या नावाने आहे त्या राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं, गडकरी त्याच्या थोडं आधी जानेवारीतच गेले होते, बालगंधर्वांनी सिंधू, म्हणजे त्यातल्या दारुड्याची बायको, केली आणि ती सिंधू शंभर वर्षं आपल्या मनात बसून आहे. सगळं सोसणारी, भाऊ न्यायला आला तरी माहेरी न जाणारी, मरतानाही नवऱ्याला वाचवणारी. नाटक मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण व्यसनी माणसाच्या घरच्यांनी कसं वागावं याचं मोजमाप आपण नकळत सिंधूवरून घेतो, आणि मग जी मुलगी निघून जाते ती आपल्याला कठोर वाटते. सूत्रसंचालकाने हे सुरुवातीलाच दोन वाक्यांत बोलून टाकलं तर पुढची चर्चा बरीच सरळ होते, मी नेहमी करते, ठाण्यातल्या प्रेक्षकाला गडकऱ्यांचं नाव काढलं की लगेच कळतं आपण कशाबद्दल बोलतोय.

आता हे घरचे लोक संबंध का तोडतात ते चर्चा घेणाऱ्याला नीट माहीत पाहिजे, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की एखादं मोठं भांडण झालं असेल, मारहाण झाली असेल. ती होतेच पुष्कळ घरांत. पण मी जे वर्षानुवर्षं ऐकते त्यात मारापेक्षा शपथा जास्त येतात. बाप सकाळी शुद्धीवर असतो, रडतो, पोरीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो तुझी शपथ, आता परत नाही. सात वर्षांच्या पोरीला शपथ म्हणजे काय माहिती असतं? शपथ मोडली की ज्याची घेतली तो मरतो, हे तिला शाळेतल्या मैत्रिणींकडून कळलेलं असतं. संध्याकाळी बाप पिऊन येतो. ती रात्रभर जागी राहते, आपल्याला काही होतंय का बघत. आणि हे एकदा नाही होत, पगाराच्या दर तारखेला होतं, गटारीला होतं, गणपती गेल्यावर होतं. पुढे तिला कळतं की आपण काही मरत नाही, पण त्याच वेळी हेही कळतं की आपल्या जिवाची शपथ घेतली तरी या माणसाच्या शब्दाला किंमत नाही. मोठी होऊन ती फोन उचलत नाही तेव्हा लोक म्हणतात अहंकार आहे. अहंकार नसतो हो तो, तिच्या अंगाने शिकलेली गोष्ट असते की याचं बोलणं ऐकलं की मला त्रास होतो.

आणि त्याच वेळी हेही खरं आहे की बापाने शपथ घेताना खोटेपणा केलेला नसतो. त्या सकाळी त्याला खरंच सोडायची असते. व्यसन हा आजार आहे असं आम्ही म्हणतो ते याच अर्थाने, की ठरवणं आणि होणं यांच्यातला धागा त्या माणसात तुटलेला असतो, आणि उपचाराशिवाय तो नुसत्या इच्छाशक्तीवर बहुतेकांना जोडता येत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात, तो आजारी आहे आणि तिला झालेली इजाही खरी आहे. चर्चेत लोक कायम एक बाजू निवडायला बघतात, तज्ज्ञ म्हणून कोणी बसलं असेल तर त्याचं काम हेच की एकीकडे ओढू द्यायचं नाही.

"पण आता त्यांनी सोडली असेल तर? सुधारलेल्या माणसालाही माफ करायचं नाही का?" हा दुसरा प्रश्न हमखास येतो. त्याला माझं उत्तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसकडूनच घेतलेलं आहे. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईतही एएच्या मीटिंगा होतात. त्यांच्या बारा पायऱ्यांमधली आठवी पायरी म्हणजे ज्यांना आपण दुखावलं त्यांची यादी करायची, आणि नववी म्हणजे त्यांची भरपाई करायची. लोकांना इतकं माहीत असतं. पण नवव्या पायरीत पुढे अट आहे, की तसं केल्याने त्या माणसाला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल तिथे नाही करायचं. म्हणजे दारू सोडलेल्यांनी स्वतःच स्वतःसाठी लिहून ठेवलंय की माफी मागणं हा माझा हक्क नाही, समोरच्याला झेपत असेल तरच जायचं. मी ज्यांच्यासोबत काम केलंय त्यातले जे खरंच सावरलेत ते मुलांच्या दारात जाऊन बसत नाहीत. ते म्हणतात, माझा नंबर तिच्याकडे आहे, न पिणं एवढंच माझ्या हातात आहे. काहींचा फोन येतो, काहींचा येत नाही, आणि न आल्यावरही ते पीत नाहीत.

दुसऱ्या टोकाची घरंही प्रेक्षकांत असतात हे विसरू नका. फिल्म मुलीची आहे म्हणून चर्चा तेवढ्यापुरती राहते, पण आता आमच्याकडे येणाऱ्या घरांत आई-वडिलांनीच विशी-बाविशीतल्या मुलाला घराबाहेर काढलंय अशी बरीच आहेत, आणि तिथे नुसती दारू नसते, एमडी असतं, म्हणजे मेफेड्रोन, जे २०१५ पासून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. घणसोली काय, कळवा काय, घोडबंदर रोडचे टॉवर काय, कुठलाही पत्ता त्यातून सुटलेला नाही. त्या आई-वडिलांना वाटतं आपण पोराला टाकलं. त्यांच्यासाठी हे सांगावं लागतं की पैसे न देणं आणि पोराला टाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हातात रोख पैसे नाही, बाइकची चावी नाही, पण जेवायची वेळ झाली तर ताट आहे, आणि उपचाराला यायचं म्हणालास तर रात्री दोन वाजताही सोबत येऊ, असं दार अर्धं उघडं ठेवता येतं. मुलीने वडिलांशी तोडणं आणि आई-बापाने मुलावर अट घालणं एकच नाही, दोन्हीला एका वाक्यात उत्तर देऊ नका.

आता चर्चेची पद्धत. माइक फिरवू नका, निदान पहिली वीस मिनिटं तरी नाही. माइक ज्याच्या हातात जातो तो बहुतेक वेळा या विषयातून न गेलेला माणूस असतो, ज्याला मत आहे. ज्याला अनुभव आहे तो माइक धरत नाही, शेजारच्या बिल्डिंगमधलं कोणीतरी दोन रांगा पुढे बसलेलं असतं ना. त्यामुळे दारातच प्रत्येकाला कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल द्या, सगळ्यांना, न मागता, म्हणजे लिहिणारा वेगळा दिसत नाही. फिल्म संपल्यावर लगेच स्टेजवर चढू नका, दिवे हळूहळू लावा, दहा मिनिटं चहा ठेवा, ज्यांना जायचं त्यांना जाता येऊ दे आणि जाणाऱ्याला "थांबा ना, आता तर चर्चा आहे" म्हणून अडवू नका. चहाच्या वेळात चिठ्ठ्या एका डब्यात जमा होतात. सूत्रसंचालकाने त्या आधी स्वतः वाचायच्या, नाव-गाव ओळखू येईल असं काही असेल तर गाळायचं, आणि मग एकेक मोठ्याने वाचायची.

एका अशाच कार्यक्रमात वाशीला आलेली एक चिठ्ठी सांगते, कोणाची ते मला आजही माहीत नाही. चौकोनी कागद चारदा दुमडलेला, अक्षर बारीक आणि दाबून लिहिलेलं. "ते गेल्यावर मला जावं लागेल का? अग्नी भाऊ देईल. मी नाही गेले तर चालेल का." शेवटी प्रश्नचिन्हही नव्हतं. सोबतच्या सायकिअ‍ॅट्रिस्टनी माझ्याकडे बघितलं. मी एवढंच म्हटलं की ज्यांनी लिहिलंय त्यांनी आजच ठरवायची गरज नाही, गेलात तरी आधीचं सगळं खोटं ठरत नाही आणि नाही गेलात तरी तुम्ही वाईट मुलगी किंवा वाईट मुलगा ठरत नाही, आणि शक्य असेल तर ती वेळ यायच्या आत एखाद्या समुपदेशकाशी किंवा विश्वासाच्या माणसाशी यावर बोलून ठेवा, कारण फोन येतो तेव्हा घरचे दहाजण दहा बाजूंनी ओढतात आणि विचार करायला अर्धा तास मिळतो. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती. हा प्रश्न माइकवर कधीच आला नसता.

कायद्याचा प्रश्नही येतो, तो पटकन उरकून घ्या. बोलणं तोडलं म्हणजे जबाबदारी कायद्याने संपत नाही, २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली वृद्ध आई-वडील मुलांकडे निर्वाह खर्च मागू शकतात. पण तो पैशाचा विषय आहे, कायदा कोणाला भेटायला किंवा बोलायला भाग पाडत नाही. पुष्कळांना हा फरक कळल्यावरच हायसं वाटतं, दरमहा पैसे पाठवतात आणि भेटत नाहीत, आणि ते चालतं.

दारू सुटलेल्या माणसाला बोलवावं का, तर बोलवा, पण जपून. निदान दोन-तीन वर्षं स्थिर असलेला पाहिजे, नुकताच सेंटरमधून बाहेर पडलेला नको, त्याला टाळ्या मिळतात आणि त्या टाळ्या त्याला झेपत नाहीत. किती प्यायचो, कुठल्या गटारात पडलो होतो याचे किस्से नकोत, लोक हसतात आणि मूळ विषय बाजूला राहतो. त्याला घरच्यांबद्दल बोलू दे, पण त्याच्या बायकोला शेजारी खुर्ची देऊन "वहिनी, तुम्ही कसं सहन केलंत?" असं अजिबात विचारू नका, मी हे होताना बघितलंय आणि त्या बाईंचा चेहरा बघवत नव्हता. शिवाय एए आणि अल-अनॉनचे सभासद अनामिक राहतात, अल-अनॉन म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, तर पोस्टरवर त्यांचं पूर्ण नाव नाही, फोटो नाही, इन्स्टावर लाइव्ह नाही. 'एएच्या सहकार्याने' असंही छापू नका, त्यांच्या परंपरेत ते बाहेरच्या कुठल्याच उपक्रमाला आपलं नाव जोडत नाहीत. मला विचाराल तर सुटलेल्या माणसापेक्षा अल-अनॉनमधली एखादी बाई किंवा मोठं झालेलं मूल बोललं तर या फिल्मनंतर जास्त उपयोग होईल. त्यांचं साधं सूत्र आहे, हे मी ओढवलेलं नाही, हे मी आवरू शकत नाही, हे मी बरं करू शकत नाही. हे ऐकून काही लोक रडतात, रडू दे.

यापुढचं मात्र स्टेजवरून मोठ्याने सांगायलाच पाहिजे, कारण फिल्म बघून माणूस भारावतो आणि घरी जाऊन काहीतरी करून बसतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात बंद करायची नाही. बाटल्या ओतून टाकल्या, खोलीत कोंडलं, असं केलं तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या आसपास काहींना भ्रम होतो, अंगाला थरथर, ताप, नसलेली माणसं दिसणं, त्याला डिलीरियम म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन डिटॉक्स केलं की हे बहुतेक वेळा टळतं. दुसरं, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या जाहिराती, 'न सांगता दारू सोडवा', चहात किंवा भाजीत पावडर घालायची. कृपा करून नको. त्या पुडीत काय असतं ते सांगता येत नाही, आणि त्यात डायसल्फिरामसारखं दारू सोडवण्यासाठीचं औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब घसरतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, हृदय कमजोर असेल तर जीवावर बेततं. हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन. इतकं सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि ही दोन मिनिटं कुठल्याही कारणाने कापू नका.

फिल्ममध्ये पेल्यात ओतण्याचे क्लोजअप असतील, आणि मी अशा बऱ्याच फिल्म बघितल्यात, असतातच, तर आसपासच्या व्यसनमुक्ती केंद्रांना निमंत्रण देताना स्पष्ट कळवा. पहिल्या काही आठवड्यांतले पेशंट त्यांनी आणू नयेत, नुसता बर्फाचा आवाजही तलफ उठवतो. जे येतील त्यांना पुढच्या रांगेत एकत्र बसवून 'हे आपले खास पाहुणे' असं करू नका. सुरुवातीला एक सूचना द्या की मारहाण, पिणं आणि हॉस्पिटल यांची दृश्यं आहेत, कधीही उठून बाहेर गेलं तरी चालेल, बाहेर अमुक रंगाची ओढणी घेतलेल्या ताई बसल्या आहेत. एक समुपदेशक खरंच तिथे बसवा, जिने फिल्म आधी बघितलीय. तिने उठून येणाऱ्याला पाणी द्यायचं आणि शेजारी बसायचं, लगेच प्रश्न विचारायचे नाहीत.

वेळ शनिवारी संध्याकाळची ठेवलीय असं लिहिलंय, ती बदला. ज्या बायकांसाठी हे करताय त्यांच्या घरात शनिवारची संध्याकाळ हीच सगळ्यात वाईट वेळ असते, नवरा येणार, मुलं घरात, ती सातला घराबाहेर पडूच शकत नाही. रविवारी सकाळी अकरा उत्तम. गटारीचा आठवडा आणि वर्षअखेर टाळा. २ ऑक्टोबर ड्राय डे असतो, कल्पना चांगली वाटते, पण त्या दिवशी सगळीकडे भाषणं असतात आणि तुमचाही भाषणांचा कार्यक्रम होऊन बसतो.

परवानगीचं दिग्दर्शक बघेल असं धरू नका, फुकट शो असला तरी सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचं लेखी पत्र लागतं, ओटीटीचं सबस्क्रिप्शन लावून हॉलमध्ये दाखवणं चालत नाही. आणि प्रायोजक घेताना शेजारचा रेस्टॉरंट-बार घेऊ नका, हे सांगावं लागतं.

शेवटी माहितीपत्रकं. दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली होती, २०१९ मध्ये अहवाल आला, त्यात दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसला तरी उपचार मिळतो. उपचार नाहीत म्हणूनच हे होतं असं नाही, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून, सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. अडतं ते विचारायच्या लाजेवर. म्हणून पत्रकं फक्त दारातल्या टेबलावर ठेवू नका, ओळखीच्यांसमोर कोणी उचलत नाही. खिशात मावतील अशी छोटी कार्डं करा आणि लेडीज-जेंट्स दोन्ही टॉयलेटच्या आत, कडीजवळ ठेवा, तिथली गठ्ठ्याने संपतात. कार्डावर मोठ्या अक्षरांत 'दारू सोडा' छापू नका, घरी सापडलं तर त्या बाईची पंचाईत होते, नुसते नंबर पुरे.

आणि तुमच्या ग्रुपचा स्वतःचा एक नंबर द्यायचा असेल तर तो कोण उचलणार ते आधी ठरवा. त्या रात्री कोणी फोन करत नाही. फोन येतात मंगळवार-बुधवारी, दुपारी दोन ते चारमध्ये, घरात कोणी नसताना, आणि पहिल्यांदा बऱ्याच जणी नुसतंच हॅलो म्हणून ठेवून देतात. उलट फोन करू नका, दुसऱ्या कोणीतरी उचलला तर घोळ होतो. ती परत करते. त्या आठवड्यात दुपारी तो फोन घेणारी व्यक्ती एकच राहू दे, म्हणजे दुसऱ्या वेळी तोच आवाज येईल.